टिपून घेणाऱ्या बाईंचे राजकारण

निर्मला देशपांडे यांची ओळख करून द्यायची म्हटले की तीन विशेषणे ठरलेली असतात : लेखिका, राज्यसभेच्या सदस्य आणि शांतिकार्यकर्त्या. श्रद्धांजलीपर लेखांत ही तिन्ही ओळीने मांडली जातात आणि वाचणाऱ्याचा असा समज होतो की या बाईंनी आयुष्यात तीनदा क्षेत्र बदलले. आधी कादंबऱ्या लिहिल्या, मग राजकारणात गेल्या आणि उतारवयात भारत-पाकिस्तान मैत्रीचा ध्यास घेतला. कालक्रमही या समजाला थोडी साथ देतो. ऑक्टोबर 1929 मध्ये नागपूरला जन्म, राज्यशास्त्रात एम. ए., नागपूरच्याच मॉरिस कॉलेजात अध्यापन, 1952 मध्ये विनोबांच्या भूदान आंदोलनात प्रवेश, 1997 मध्ये राज्यसभा, 2000 मध्ये लाहोरला गेलेली महिलांची बस, 2006 मध्ये पद्मविभूषण, 1 मे 2008 रोजी दिल्लीत झोपेतच मृत्यू. तारखा खऱ्या आहेत, पण त्यांतून उभी राहणारी गोष्ट मला पटत नाही. माझे म्हणणे असे की निर्मलाताईंनी जन्मभर एकच काम केले आणि ते त्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसांकडून शिकल्या. दुसऱ्याचे बोलणे पदरचे काही न घालता ऐकायचे, टिपायचे आणि ज्याच्या कानी ते एरवी पडले नसते त्याच्यापर्यंत पोचवायचे, हे ते काम. पुढे त्यांचे जे राजकारण झाले ते या कामाला लागलेले फळ आहे. त्या राजकारणातल्या उणिवाही याच कामाच्या आहेत.

घरातले वातावरण लेखनाचे होते, हे खरेच. वडील पु. य. देशपांडे हे मराठी कादंबरीतले मोठे नाव. ‘बंधनाच्या पलीकडे’ या कादंबरीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मराठी मध्यमवर्गाला हादरा दिला होता आणि पुढे ‘अनामिकाची चिंतनिका’ या तत्त्वचिंतनपर पुस्तकाला 1962 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशा घरातली मुलगी लिहू लागली यात नवल नाही. नवल हे की ती वडिलांच्या वाटेने गेली नाही. पु. यं.चे लेखन ‘मी’पासून निघते. व्यक्तीला समाजाच्या बंधनांतून मोकळे कसे व्हायचे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. स्वतःला स्वतःपासून मोकळे कसे व्हायचे, हा शेवटचा. मुलीने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामात ‘मी’ला जागाच नव्हती. विनोबांच्या पदयात्रेतल्या प्रवचनांचे जे संकलन ‘भूदान-गंगा’ या नावाने खंडाखंडांनी निघाले, त्याच्या त्या संपादक होत्या. कादंबरीकाराच्या लेकीने दुसऱ्याच्या वाणीची लेखणी व्हायचे पत्करले, ही या चरित्रातली पहिली विचार करण्याजोगी गोष्ट आहे, आणि बहुतेकजण ती एका ओळीत उरकून पुढे जातात.

हे काम हलके समजण्याची चूक मराठी वाचकाने तरी करू नये. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात रविवारी होणारी विनोबांची व्याख्याने साने गुरुजींनी भराभर लिहून घेतली म्हणून. गांधीजींचे रोजचे बोलणे उरले ते महादेवभाई देसाईंनी डायऱ्या लिहिल्या म्हणून. गांधी-विनोबांच्या सेवाग्राम आणि पवनारच्या परंपरेत लिहून घेणारा माणूस कारकून नसतो, तो त्या विचाराचा पहिला श्रोता आणि पहिला चाळणकरी असतो. पदयात्रेत तर हे काम विशेष कठीण. विनोबा पहाटे अंधारातच कंदिलाच्या उजेडात चालू लागत. दहाबारा मैलांवर मुक्काम, तिथे सभा, मौन प्रार्थना, प्रवचन. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाल. रोजचे गाव नवे, पण मागणे तेच : मला तुमच्या घरातला आणखी एक मुलगा समजा आणि जमिनीतला सहावा हिस्सा द्या. वक्त्याला रोज तेच सांगावे लागते, कारण ऐकणारा रोज नवा असतो. संपादकाला मात्र त्या शंभर सारख्या सभांतून नेमके काय नवे निघाले ते ओळखायचे असते. कोणत्या गावात जमीनदाराने आडून कोणता प्रश्न विचारला, त्याला उत्तर देताना विनोबा ज्ञानेश्वरांकडे वळले की गणिताकडे, कोणते वाक्य पुढच्या मुक्कामी आणखी धारदार झाले, हे पकडायचे असते. निर्मलाताई या आंदोलनात सुमारे 40 हजार किलोमीटर चालल्या असे सांगितले जाते. त्या चालण्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्या अंतरात त्यांनी जे ऐकले त्याची किंमत मला जास्त वाटते. तेलंगणातल्या भूमिहीनाची भाषा, बिहारच्या जमीनदाराची अढी, तमिळ गावातला संशय : देशाचे राज्यशास्त्र मॉरिस कॉलेजच्या वर्गात शिकवता येईल त्याहून फार निराळ्या रीतीने त्यांना कळले असणार.

त्यांच्या कादंबऱ्यांकडेही या बाजूने पाहिले तर त्या यात्रेपासून तुटलेल्या वाटत नाहीत. त्या हिंदीत लिहिलेल्या आहेत. ‘सीमान्त’मध्ये स्त्रीमुक्तीचा विषय आहे, दुसऱ्या एका गाजलेल्या कादंबरीची पार्श्वभूमी चिनी संस्कृतीची आहे. 1962 नंतर चीन हा शब्द उच्चारला तरी लोकांच्या कपाळाला आठ्या पडत, अशा देशात एका भारतीय बाईने चिनी माणसांच्या आयुष्यात शिरून कादंबरी रचावी, ही गोष्ट राजकीयच आहे, भले तिच्यात एकही घोषणा नसो. पुढे त्यांनी तिबेटी लोकांच्या बाजूने चीनच्या सत्तेविरुद्ध आवाज उठवला, त्याच्याशीही ती विसंगत नाही. राजवटीशी भांडावे आणि लोकांशी बोलत राहावे, हा भेद ज्याने त्या देशातली माणसे कल्पनेने तरी जगून पाहिली आहेत त्यालाच करता येतो. युरोपात बेर्टा फॉन सुटनर यांनी 1889 मध्ये ‘शस्त्रे खाली ठेवा’ ही कादंबरी लिहिली. ती कादंबरी हेच त्यांचे हत्यार होते, त्यातूनच त्या शांतता चळवळीच्या पुढारी झाल्या आणि 1905 मध्ये शांततेचे नोबेल मिळवणारी पहिली स्त्री ठरल्या. निर्मलाताईंचा प्रवास उलटा आहे. त्यांच्या पुस्तकाने कोणाला चळवळीत ओढले असे दिसत नाही. चळवळीने लावलेली कानाची सवय त्यांच्या पुस्तकांत उतरली. कादंबरीकार म्हणून त्या सुटनरांच्या तोडीच्या होत्या का, हा प्रश्न त्यामुळे मला गैरलागू वाटतो. ईशावास्योपनिषदावरचे भाष्य, विनोबांचे चरित्र, ‘नित्यनूतन’ हे नियतकालिक या सगळ्यांतून दिसते ते एवढेच की लेखन हे त्यांनी स्वतःचे स्मारक म्हणून कधी उभारले नाही.

इथे पवनारचा विचार करावा लागतो. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. तिथेच 25 मार्च 1959 रोजी त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. भारतीय परंपरेत संन्यास आणि ब्रह्मविद्या ही पुरुषांची मिरास समजली गेली. स्त्रियांनी त्यात स्वतः अधिकाराने उतरावे, शंकराचार्यांच्या तोडीची स्त्री निर्माण व्हावी, अशी विनोबांची अपेक्षा होती. या घराला कोणी महंत नाही. शेती, स्वयंपाक, सफाई सगळ्यांनी करायची आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे. एकीचा जरी विरोध असला तरी गोष्ट थांबते. बाहेरच्या माणसाला ही रीत वेळखाऊ वाटेल, आणि ती आहेच. पण बहुमताने हात वर करून विषय निकालात काढायची सोय जिथे नाही तिथे विरोध करणाऱ्या बाईचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावेच लागते. पवनारच्या याच बहिणी ‘मैत्री’ हे हिंदी मासिक चालवत आल्या. निर्मलाताईंचे कार्यक्षेत्र दिल्लीपर्यंत आणि त्याही पलीकडे पसरले, तरी त्यांच्या सभा-परिषदांची रीत या अंगणातली आहे. कोणाचा पराभव करायचा नाही आणि कोणाला गप्पही करायचे नाही, ही ती रीत.

मग राज्यसभेचे काय? विनोबा तर राजनीतीऐवजी लोकनीती सांगत आले होते. पक्ष, निवडणूक, सत्ता यांपासून दूर राहून समाजाची ताकद वाढवावी, असा त्यांचा आग्रह. त्यांची शिष्या संसदेत जाऊन बसली हा विचाराशी द्रोह झाला नाही का, असा आक्षेप सर्वोदयी मंडळींतूनच येऊ शकतो. त्याचे एक उत्तर तांत्रिक आहे. त्या राष्ट्रपतींच्या नियुक्तीने सदस्य झाल्या. राज्यघटनेच्या 80 व्या कलमाने साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या 12 जणांसाठी ज्या जागा राखल्या आहेत, त्यांतली एक त्यांची. पहिल्यांदा 1997 ते 1999 आणि पुन्हा 2004 पासून अखेरपर्यंत. पण या उत्तराने माझे समाधान होत नाही, कारण नामनियुक्त सदस्यही सत्तेच्या आवारातच बसतो. खरे उत्तर असे आहे की ही जागा टिपून घेणाऱ्या माणसासाठीच केल्यासारखी आहे. मतदारसंघ सांभाळायचा नाही, मंत्रिपदाची वाट पाहायची नाही. जे ऐकून आलो ते सभागृहाच्या कामकाजात नोंदवून ठेवायचे. 2007 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा झाली. पुढे त्या पदावर जळगावच्या प्रतिभाताई पाटील आल्या. गंमत अशी की नामनियुक्त सदस्याला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतच नसते. ज्या पदासाठी त्यांचे नाव घेतले जात होते त्यासाठी मत टाकायचा अधिकारही त्यांना नव्हता. सत्तेच्या किती जवळ आणि किती लांब त्या होत्या, हे याहून नेमके सांगता येणार नाही.

शांतिकार्याचा भाग या चरित्रात सर्वांत गाजलेला आणि सर्वांत कमी समजलेला. पंजाब आणि काश्मीर धुमसत असताना त्यांनी तिथे शांतियात्रा काढल्या. काश्मीरमधली 1994 ची मोहीम आणि 1996 मध्ये पुढाकार घेऊन सुरू केलेला भारत-पाकिस्तान लोकसंवाद हे त्यांतले ठळक टप्पे. गुरूने घालून दिलेला पाठ समोर होता. विनोबा 1959 मध्ये काश्मिरात चालत गेले होते आणि सप्टेंबर 1962 मध्ये तर पूर्व पाकिस्तानातून पायी गेले, तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना जमीनही दान दिली. सीमा ओलांडून जमीन मागायला गेलेला माणूस जगाच्या इतिहासात दुसरा शोधावा लागेल; एरवी सीमा ओलांडणारे जमीन न मागताच घेतात. निर्मलाताईंनी हा पाठ पुढे नेला तो मार्च 2000 मध्ये. त्या वेळची स्थिती आठवून पाहावी. वाजपेयींची लाहोर बस फेब्रुवारी 1999 मध्ये गेली, उन्हाळ्यात कारगिल पेटले, ऑक्टोबरात पाकिस्तानात लष्कराने सत्ता घेतली. मार्च 2000 मध्ये काश्मीरमधल्या छत्तीसिंगपुऱ्यात शीख गावकऱ्यांचे हत्याकांड झाले. दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलायला तयार नव्हती. त्याच महिन्यात निर्मलाताईंच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांची बस लाहोरला गेली, आणि काही आठवड्यांनी पाकिस्तानातल्या महिला अस्मा जहांगीर यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीला आल्या. सरकारी बस गेली होती करार करायला. या बायका कशाला गेल्या होत्या? त्यांच्याकडे देण्याघेण्यासारखे काहीच नव्हते, ना प्रदेश ना कैदी. त्या ऐकायला गेल्या होत्या, आणि ऐकून परत येऊन सांगायला.

यावरचा आक्षेप कडक आहे आणि तो टाळता येत नाही. मेणबत्त्या लावून आणि गळाभेटी घेऊन कोणते युद्ध थांबले? 1996 नंतर कारगिल झाले, 2000 च्या बसनंतर पावणेदोन वर्षांत संसदेवर हल्ला झाला आणि वर्षभर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. निर्मलाताई गेल्यानंतर सहा-सात महिन्यांत मुंबईवर 26 नोव्हेंबरचा हल्ला झाला. शांतिवादी लोक भोळे असतात आणि त्यांच्या भोळेपणाचा फायदा शत्रू घेतो, असे म्हणणाऱ्याला या तारखा पुरेशा वाटतील. पण मापच चुकले तर वजन चुकणारच. लोकसंवादाने युद्धे थांबतील असा हिशेब कोणी मांडला असेल तर तो खोटा ठरला, हे कबूल. युद्धानंतर, स्फोटानंतर, सरकारांनी दारे बंद केल्यावर बोलायला कोणी उरते का, हे त्याचे माप आहे. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांतली सरकारी बोलणी थांबली होती, आणि त्याच काळात, ऑगस्ट 2009 मध्ये, पाकिस्तानने आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने निर्मलाताईंना ‘सितारा-ए-इम्तियाज’ हा नागरी सन्मान मरणोत्तर दिला. सन्मानांचे मला फारसे अप्रूप नाही. सरकारे सन्मान पुष्कळदा सोयीने देतात. परंतु नागपूरला जन्मलेल्या आणि पवनारच्या तालमीत वाढलेल्या, भारताच्या राज्यसभेत बसलेल्या एका बाईचे नाव त्या घडीला पाकिस्तान सरकारला आदराने घेता आले, हे भोळेपणाचे फळ म्हणून झटकून टाकता येत नाही. समुद्रात हद्द चुकली म्हणून पकडलेल्या पालघर-गुजरातच्या मच्छीमारांची सुटका, अडलेले व्हिसा, दुभंगलेल्या कुटुंबांच्या भेटी ही कामे अशाच माणसांच्या ओळखीपाळखीवर चालतात. ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत.

आणीबाणीचा प्रश्न मात्र मी इतक्या आत्मविश्वासाने सोडवू शकत नाही. जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनावरून सर्वोदय परिवार उभा चिरला गेला. वर्धा जिल्ह्यात तर ही फाळणी एकाच परिसरात नांदत होती. विनोबांचे 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभर मौन होते आणि आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ म्हटल्याचा ठपका त्यांच्यावर आला. नंतर त्यांनी आचार्यांचे अनुशासन आणि सत्तेचे शासन यांतला फरक समजावला, पण तोवर सरकारी फलकांवर तो शब्द रंगवला गेला होता. निर्मलाताई इंदिरा गांधींच्या निकटवर्ती मानल्या जात. दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे व्रत घेतलेल्या बाईंनी तुरुंगात टाकलेल्या हजारोंचे किती ऐकले, हा प्रश्न जयप्रकाशांच्या बाजूच्या माणसाने विचारला तर तो रास्त आहे. पवनार सरकारच्या खिशात होते, हे म्हणणे मात्र ढोबळ आहे. विनोबांनी 1976 मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषण जाहीर केले तेव्हा ती घोषणा छापणाऱ्या ‘मैत्री’चा अंक याच सरकारने जप्त केला होता. तरीही माझे मत असे की संवादाच्या मार्गातला धोका इथे उघडा पडतो. ज्याला सगळ्यांशी बोलायचे असते त्याला बलवानाकडे जायची वाट नेहमीच सोपी असते, कारण बलवानाचे दार त्याच्यासाठी उघडे असते. निर्मलाताईंचे चरित्र लिहिणाऱ्याने ही जागा झाकू नये.

दोन आक्षेप आणखी, आणि ते दोन्ही विदर्भाच्या मातीतलेच. भूदान फसले, हा पहिला. दान मिळालेल्या लाखो एकरांतली पुष्कळशी जमीन खडकाळ, वादातली किंवा कागदावरचीच निघाली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता म्हणून इथे 1953 चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागू झाला, मंडळ नेमले गेले. तरी कित्येक ठिकाणी दानपत्रावर अंगठा उठला पण सातबाऱ्यावर भूमिहीनाचे नाव चढले नाही, चढले तर ताबा मिळाला नाही. ऐकणारा आणि लिहिणारा माणूस तलाठ्याच्या दप्तरापाशी हतबल होतो, हे यातून दिसते. दुसरा आक्षेप आंबेडकरी विचाराचा. निर्मलाताई हरिजन सेवक संघाच्या अध्यक्षा होत्या. 1932 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने निघालेल्या या संस्थेशी बाबासाहेबांचे सुरुवातीलाच बिनसले, कारण त्यांना अस्पृश्यांवर उपकार नको होते, हक्क हवे होते. ज्या नागपुरात 1956 ची धम्मदीक्षा झाली तिथल्या मुलीने त्या संस्थेचे नाव अखेरपर्यंत वाहिले, हे अनेकांना खटकते, आणि मलाही ते समजते. दलितांचे म्हणणे दलितांच्याच तोंडून ऐकायची वेळ आली तेव्हा गांधीवादी मंडळींचा कान बराच काळ बधिर राहिला. निर्मलाताईंनी हे अंतर कमी करायचा प्रयत्न केला असेलही, पण इथे त्यांच्या पद्धतीची मर्यादा मान्य करावी लागते. दोन देशांमधले भांडण आणि उतरंडीवर बांधलेली जात ही एका जातीची दुखणी नाहीत. पहिल्यात दोन्ही बाजूंना बरोबरीने बसवता येते. दुसऱ्यात बरोबरी हाच तंट्याचा विषय असतो.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. मराठी कादंबरीकाराच्या या मुलीने मराठीत लिहिले नाही आणि मराठीने तिची फारशी दखल घेतली नाही. आपल्याकडे याच नावाच्या एक कथालेखिका होऊन गेल्या, त्यामुळे ग्रंथालयाच्या सूचीत दोघींची सरमिसळ होते, एवढीच काय ती ओळख. हिंदी निवडणे ही निर्मलाताईंची मराठीवर नाराजी नव्हती. चालत्या सभेची आणि सर्वोदय साहित्याची भाषा हिंदी होती, आणि ज्यांच्यापर्यंत पोचायचे ती माणसे गंगेकाठची, सतलजच्या पलीकडची होती. पण याचा परिणाम असा झाला की दिल्लीत आणि लाहोरात त्या ‘दीदी’ म्हणून जितक्या ओळखीच्या होत्या तितक्या वर्ध्याच्या बाजारात ‘निर्मलाताई’ म्हणून नव्हत्या. त्यांचे मराठी चरित्र लिहिणाऱ्याला सामग्री हिंदीतून गोळा करावी लागते. जुन्या सर्वोदय भांडारांतले ‘भूदान-गंगा’चे विटके खंड, ‘नित्यनूतन’चे अंक आणि राज्यसभेच्या कार्यवृत्तातली भाषणे एकत्र ठेवून वाचायला हवीत. वाचकानेही जमले तर तो क्रम पाळावा : आधी विनोबांचे एखादे प्रवचन, मग निर्मलाताईंची एखादी कादंबरी आणि त्यानंतर सभागृहातले भाषण. यात्रेत दुसऱ्याचे बोलणे छापण्याजोगे करणारी संपादक आणि संसदेत दुसऱ्याच्या वतीने उभी राहणारी सदस्य यांच्या वाक्यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. ज्याला तो दिसेल त्याने या प्रस्तावनेशी भांडावे.